शेवरले कॅप्रीस ९सी१, मॉडेल १९९५: पोलिसांची जुनी गाडी घेऊन चालवतोय, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो. जुनी अमेरिकन पोलीस गाडी घ्यायची असेल, आणि ती कव्हर घालून उभी न करता खरंच चालवायची असेल, तर १९९४ ते १९९६ मधली एलटी१ इंजिनवाली शेवरले कॅप्रीस ९सी१ घ्या. माझ्याकडे १९९५ ची आहे, पांढरी, चार दारांची, टेक्सासमधल्याच एका छोट्या गावच्या पोलीस खात्यात राबली, मग लिलावात गेली, मग एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे बरीच वर्षं होती आणि त्यांच्याकडून मी घेतली, आठ हजार डॉलरच्या आतबाहेर पडली. मी डॅलसच्या बाजूला राहतो, गाडी बनली तीसुद्धा इथल्याच आर्लिंग्टनच्या जीएमच्या (म्हणजे शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या) कारखान्यात, आणि जन्मात टेक्सासबाहेर फारशी गेलेली नाही त्यामुळे गंज नाही. हा मुद्दा छोटा वाटतो पण सगळ्यात आधी बघायचा तोच. मिशिगन, ओहायोकडच्या गाड्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने खालून खाल्लेल्या असतात, चेसिसला स्क्रू-ड्रायव्हर टोचला की पापुद्रे निघतात, तिकडची गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्या.

९सी१ म्हणजे जीएमच्या ऑर्डर फॉर्मवरचा कोड. पोलीस खात्याने कॅप्रीस मागवताना हा कोड टाकला की गाडी लाइनवरच वेगळी बनून यायची. टॅक्सीवाल्यांसाठी ९सी६ होता. बाहेरून बघून फारसं काही कळत नाही, १५ इंची स्टीलची चाकं, मधे छोटी टोपी, ड्रायव्हरच्या खांबाला स्पॉटलाइट असला तर असला, बाकी आजोबा चर्चला घेऊन जायचे तीच गाडी. या शेपच्या कॅप्रीसला १९९१ ला आली तेव्हा लोकांनी व्हेल म्हणून चिडवलं होतं, मला ती आवडते, गोल, लांब, रुंद, कुठेही ताठा नाही. १९९३ पासून मागच्या चाकावरचा झाकलेला भाग त्यांनी उघडा केला, त्यानंतरची जास्त चांगली दिसते असं माझं स्पष्ट मत आहे.

भेटणारा प्रत्येक जण पहिलं विचारतो ते हॉर्सपॉवर. २६०. टॉर्क ३३० पाउंड-फूट, म्हणजे साधारण ४४७ न्यूटन-मीटर. ५.७ लिटरचा व्ही८. हेच एलटी१ त्या काळच्या कॉर्व्हेटमध्ये ३०० हॉर्सपॉवर द्यायचं, तिकडे ॲल्युमिनियमचे हेड, कॅप्रीसला बिडाचे, आणि कॅम थोडा सौम्य, त्यामुळे वरच्या आरपीएमला कॉर्व्हेटएवढी मजा नाही पण खालून ओढते ती अशी की पावणेदोन-दोन टनांचं धूड आहे हे विसरायला होतं. ऑर्डर करताना ४.३ लिटरचा छोटा व्ही८ पण मिळायचा, २०० हॉर्सपॉवरचा, पैसे वाचवायला खूप खात्यांनी तो घेतला. घेताना चॅसी नंबरमधलं आठवं अक्षर बघा, पी असेल तर ५.७, डब्ल्यू असेल तर ४.३. विकणारा काहीही सांगो, नंबर खोटं बोलत नाही.

पण माझं म्हणणं वेगळं आहे आणि त्यासाठीच एवढं लिहायला बसलोय. पर्सूट पॅकेज, म्हणजे पाठलागासाठी बनवलेली पोलीस गाडी, म्हटलं की सगळे इंजिनकडे बघतात, आणि खरा माल बाकीच्या गाडीत आहे. पोलीस गाडीचं काम कसं असतं बघा, तीन तास एसी चालू ठेवून एका कोपऱ्यात उभी, वायरलेस, दिवे, कॉम्प्युटर सगळं चालू, आणि मग अचानक एका क्षणात फुल ॲक्सिलरेटर, दहा मिनिटं जीव तोडून पळायचं, कचाकच ब्रेक, फुटपाथवर चढायचं, उतरायचं, आणि परत येऊन उभं राहायचं, पुन्हा तीन तास. आणि हे तीन शिफ्टमध्ये, वेगवेगळ्या ड्रायव्हरच्या हातात, ज्यांच्यापैकी कुणाच्याही खिशातून गाडीचे पैसे गेलेले नाहीत. नुसतं दणकट इंजिन टाकलं तर अशा वापरात आधी तेल जळतं, मग गिअरबॉक्स जातो, मग ब्रेक. म्हणून ९सी१ मध्ये इंजिन ऑइलचा वेगळा कूलर, गिअरबॉक्सच्या तेलाला कूलर, पॉवर स्टिअरिंगच्या तेलालासुद्धा कूलर, मोठा अल्टरनेटर, जड स्प्रिंग, जाड अँटी-रोल बार, कडक बुश, वेगळे ब्रेक पॅड. बोनेट उघडून रेडिएटरच्या पुढे वाकून बघितलं की पॉवर स्टिअरिंगचा तो बारकासा कूलर दिसतो, साधा नळीचा वेटोळा आहे, पण ट्रॅकवर स्टिअरिंग सारखं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं की ते तेल उकळतं आणि पंप ओरडायला लागतो हे ज्याने भोगलंय त्याला त्या वेटोळ्याची किंमत कळते.

डिकीच्या झाकणाला आतून एक स्टिकर असतो, त्यावर तीन-तीन अक्षरांचे सगळे कोड छापलेले. माझ्या गाडीच्या स्टिकरवर ९सी१, एलटी१, केसी४ म्हणजे ऑइल कूलर, व्ही०८ म्हणजे हेवी ड्युटी कूलिंग, जीयू४ म्हणजे मागच्या ॲक्सलचा ३.०८ रेशो, आणि जी८० म्हणजे लिमिटेड स्लिप. हे शेवटचं सगळ्या गाड्यांना नव्हतं, खात्याने मागितलं तरच. पावसात सिग्नलवरून निघताना एकच चाक जागेवर फिरत राहणं आणि दोन्ही चाकांनी गाडी ढकलणं यात केवढा फरक आहे हे जी८० वाली आणि बिन-जी८० वाली अशा दोन गाड्या पाठोपाठ चालवून मला समजलं, म्हणून गाडी बघायला गेलात की विकणाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आधी डिकी उघडून त्या स्टिकरचा फोटो काढा. स्टिकर फाडलेला असेल तर भाव पाडा.

चालवायला कशी आहे. लांबी जवळजवळ अठरा फूट, मॉलच्या पार्किंगमध्ये लांबची जागा बघावी लागते. स्टिअरिंग हलकं आहे आणि मधल्या भागात थोडं मुकं आहे, रस्ता हाताला जाणवत नाही, जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स आहे आणि तो तसाच असणार. पण सस्पेन्शन! साध्या कॅप्रीसमध्ये बसलात तर ती वळणावर एका बाजूला कलते आणि ब्रेक मारला की नाक खाली टेकवते, ही तसं करत नाही, थोडी कडक आहे पण खड्ड्यात आपटत नाही, लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि वजन दोन्ही कामाला येतं. हायवेला ताशी ७० मैल म्हणजे ११२-११३ किलोमीटरला इंजिन जेमतेम १८००-१९०० वर फिरत असतं, आत आवाजच नाही, आणि रॅम्पवरून आत शिरताना पाय दाबला की गिअर दोन पायऱ्या खाली येतो, नाक उचलतं, आणि समोरच्या डिजिटल आकड्यांमध्ये ५५, ६२, ७१, ७८ असं भराभर होत जातं. आवाज आरडाओरड्याचा नाही, खोल घुमतो. ॲव्हरेज हायवेला लिटरला दहाच्या आसपास, गावात सहा-सात, टाकी २३ गॅलनची म्हणजे ८७ लिटर. एवढ्या मोठ्या व्ही८ ला हायवेचं हे ॲव्हरेज फार चांगलं आहे, ते त्या लांब ॲक्सल रेशोमुळे आणि ओव्हरड्राइव्हमुळे.

टॉप स्पीडचं मी स्वतः काही सांगणार नाही, पब्लिक रस्त्यावर तो तपासायचा नसतो. पण मिशिगन स्टेट पोलीस दरवर्षी नव्या पोलीस गाड्यांची टेस्ट घेतात, त्यात ही ताशी १४० मैलांच्या आसपास गेली होती, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. त्या टेस्टबद्दल थोडं सांगतो कारण मला ती पद्धत फार आवडते. पिकअप आणि टॉप स्पीड चेल्सी गावच्या क्रायस्लरच्या प्रूव्हिंग ग्राउंडवर म्हणजे गाड्या तपासायच्या मैदानावर, आणि वळणांसाठी ग्रॅटन रेसवे, दोन मैलांचा चढउतारांचा ट्रॅक. चार ड्रायव्हर, प्रत्येकाने आठ लॅप मारायचे, प्रत्येकाचे सगळ्यात फास्ट पाच धरायचे आणि सरासरी काढायची. म्हणजे एका हुशार ड्रायव्हरने एक लॅप भारी मारला म्हणून गाडी पहिली येत नाही, आणि ब्रेक तापून मंद झाले तर ते शेवटच्या लॅपमध्ये दिसतंच. शिवाय ब्रेकची वेगळी टेस्ट, आत बसायला-उतरायला कसं, वायरलेस बसवायला जागा कशी, पेट्रोल किती पिते, सगळ्याला मार्क. देशभरची पोलीस खाती हा रिपोर्ट समोर ठेवून ऑर्डर द्यायची. गाडी विकणाऱ्याच्या जाहिरातीपेक्षा गाडी वापरणाऱ्यानेच केलेली परीक्षा, हे आपल्याकडेही सरकारी खरेदीत यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता बाकीच्या गाड्यांशी तुलना, कारण माझ्याकडे आलेले बरेच जण म्हणतात जुनी पोलीस गाडी म्हणजे सत्तरच्या आसपासची मोपारच, म्हणजे डॉज, प्लिमथ अशी क्रायस्लरची गाडी. त्यांचं चूक नाही. १९६९ ची डॉज पोलारा, कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने घेतलेली, ४४० क्युबिक इंच म्हणजे ७.२ लिटरचं मॅग्नम इंजिन, ३७५ हॉर्सपॉवर, व्हीलबेस १२२ इंच, ती गाडी म्हणजे या सगळ्या प्रकाराचा बाप आहे. एका कार्यक्रमात एक उभी होती, मालकाने सेल्फ मारून दाखवला तर जमीन थरथरली, खरंच सांगतो पायाला जाणवलं. पण ते ३७५ ग्रॉस आहेत, म्हणजे इंजिन बाहेर काढून, एअर फिल्टर, सायलेन्सर, फॅन वगैरे ओझं न घालता मोजलेले. १९७२ पासून अमेरिकेत नेट आकडे द्यायला लागले, एलटी१ चे २६० हे नेट आहेत. त्यामुळे कागदावर दिसतो तेवढा फरक प्रत्यक्षात नाही. आणि पोलाराला कार्ब्युरेटर, जुन्या पद्धतीचे ब्रेक, पार्ट मिळवायला महिनेच्या महिने, आणि किंमत अशी की रोज भाजी आणायला काढायची हिंमत होणार नाही. संग्रहाला उत्तम. चालवायला कॅप्रीस.

मधल्या काळातल्या गाड्या तर मी कुणाला सुचवणार नाही. तेलाचा प्रश्न, प्रदूषणाचे नियम, सरकारने घातलेली ॲव्हरेजची अट, या सगळ्यात पोलीस गाड्यांचा दम गेला. क्रायस्लरचं ४४० इंजिन पोलीस गाड्यांमधून १९७८ नंतर बंदच झालं. १९८० ला कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलला जी डॉज सेंट रेजिस मिळाली ती ३१८ क्युबिक इंच इंजिनची, कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांत आवळलेली, चढावर साध्या गाड्या तिच्या पुढे निघून जायच्या. पाठलाग करायचा तरी कशाने! म्हणून मग त्यांनी १९८२ ला फोर्ड मस्टँग घेतल्या, पाच लिटर व्ही८, मॅन्युअल गिअर, पहिल्याच फटक्यात ४००. ही स्पेशल सर्व्हिस मस्टँग १९९३ पर्यंत बनली, चालवायला जबरदस्त आहे पण दोनच दारं, पकडलेल्या माणसाला मागे कोंबायचं कसं, कुत्रा कुठे बसवायचा, म्हणून ती हायवेपुरतीच राहिली. शहरांमध्ये तोवर डॉज डिप्लोमॅट आणि प्लिमथ ग्रॅन फ्युरी, १९८९ पर्यंत, १७५ च्या आसपास हॉर्सपॉवर. दणकट होत्या, संथ होत्या. या दुष्काळानंतर १९९४ ला एलटी१ वाली कॅप्रीस आली तेव्हा पोलिसांना काय वाटलं असेल याचा अंदाज करा, चार दारं, सहा माणसांची जागा, आणि पळायला मस्टँगसारखी.

क्राउन व्हिक्टोरियाबद्दल सगळेच विचारतात कारण सिनेमा-सिरियलमध्ये सगळीकडे तीच. फोर्डची गाडी, पोलीस मॉडेलचा कोड पी७१. १९९५ साली तिला ४.६ लिटरचं इंजिन आणि २१० हॉर्सपॉवर होते, म्हणजे कॅप्रीसपेक्षा ५० कमी. १९९८ ला मागचं सस्पेन्शन सुधारलं, २००३ ला नवी चेसिस आणि रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आलं, पुढे पुढे हॉर्सपॉवर पण वाढले, आणि २०११ पर्यंत बनत राहिली त्यामुळे पार्ट भरपूर आणि स्वस्त. पहिलीच पोलीस गाडी घेताय आणि हात काळे करायची इच्छा नाही तर २००३ नंतरची पी७१ घ्या, वाईट वाटून घेऊ नका, चांगली गाडी आहे. पण फोर्डला एवढं रान मोकळं मिळालं ते जीएमने स्वतःच मैदान सोडलं म्हणून. १९९६ च्या डिसेंबरात आर्लिंग्टनच्या लाइनवरून शेवटची कॅप्रीस उतरली आणि कारखाना ट्रक आणि मोठ्या एसयूव्हींना दिला, कारण त्यात नफा जास्त. देशातली सगळ्यात वेगवान चार दारांची पोलीस गाडी बनत असताना बंद केली. या निर्णयाचा मला अजून राग आहे.

आता दुखणी. एलटी१ चं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे ऑप्टीस्पार्क, म्हणजे डिस्ट्रिब्युटर. इतर इंजिनांत तो वर, कोरड्या जागी असतो, इथे इंजिनच्या अगदी पुढच्या तोंडाला, कॅमशाफ्टच्या टोकाला, आणि बरोबर वॉटर पंपच्या खाली-मागे. आत एक बारीक भोकांची चकती फिरते आणि प्रकाशाचा सेन्सर ती भोकं मोजतो, मोजणी फार अचूक, त्यामुळे टायमिंग सुंदर मिळतं. पण वॉटर पंपचं सील गळायला लागलं की कूलंट थेट त्याच्या डोक्यावर, आत ओलावा शिरला की मिसफायर, मग पावसाळी हवेत गाडी खोकायला लागते, मग एक दिवस रस्त्यात बंद. १९९५ पासून या गाड्यांना हवा खेळवायची नळी असलेला सुधारित ऑप्टीस्पार्क आला, तो बराच बरा. गाडी बघताना टॉर्च घेऊन पंपच्या खाली बघा, हिरवट-पांढरट सुकलेले ओघळ दिसले तर पंप आणि ऑप्टीस्पार्क दोन्हीचे पैसे धरूनच भाव बोला. आणि बदलताना दोन्ही एकदमच बदला. मजुरी तीच आहे, सगळं उघडावंच लागतं, पंप वाचवून सहा महिन्यांनी परत तेच काम काढणारे लोक मी बघितलेत. पार्ट पण नामवंत कंपनीचाच घ्या, स्वस्तातले चायनीज मिळतात ते टिकत नाहीत.

याच इंजिनची एक चांगली गोष्ट पण त्याच भागात आहे. यात कूलंट उलटं फिरतं, आधी सिलिंडर हेडला जातं आणि मग खाली ब्लॉकला. हेड जास्त तापतं, त्याला आधी गार पाणी मिळालं की कॉम्प्रेशन जास्त ठेवता येतं आणि तरी नॉकिंग होत नाही. ऑगस्टमध्ये इथे पारा चाळिशीच्या पुढे असतो, त्या उन्हात एसी चालू ठेवून मी ही ट्रॅफिकमध्ये तासभर सरकवत नेली आहे, टेम्परेचर जागचं हललं नाही. फक्त कूलंट भरताना हवा नीट काढावी लागते, वरचे ब्लीडर स्क्रू उघडून. घाई केली तर आत हवेचा गोळा राहतो.

गिअरबॉक्स ४एल६०ई, चार गिअरचा ऑटोमॅटिक. यात तिसऱ्या-चौथ्या गिअरची क्लच पॅक आधी जाते, खुणेची गोष्ट म्हणजे दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन रेस होतं पण गाडी पुढे ओढत नाही. टेस्ट मारताना हे गाडी पूर्ण गरम झाल्यावर बघा, थंड गाडी सगळ्यांचीच छान चालते.

पोलीस गाडीच्या किलोमीटरवर कधीही विश्वास ठेवू नका. मीटर खोटं असतं म्हणून नव्हे, मीटर फक्त चाकं मोजतं. ही गाडी किती तास नुसती उभी राहून चालली ते कुठेच लिहिलेलं नसतं. फोर्डने पुढे आपल्या पोलीस गाड्यांसाठी हिशोब दिला होता की एक तास उभं चालणं म्हणजे इंजिनच्या झिजेत साधारण ३३ मैल धावणं. कॅप्रीसला तासांचं मीटर नाही, त्यामुळे अंदाज बाकीच्या गोष्टींवरून, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड किती घासलीय, ब्रेक पेडलचं रबर, तेलाचं प्रेशर गरम झाल्यावर आयडलला किती राहतं. सीटच्या कडेला पिस्तुलाच्या पट्ट्याने घासून घासून फोम बाहेर आलेला असतो, माझ्या गाडीत तो होता, आणि दरवाजाच्या आतल्या बाजूलाही त्याच उंचीवर चरे आहेत. ते मी तसेच ठेवलेत.

वायरिंग हा वेगळाच विषय आहे. कारखान्याचं वायरिंग उत्तम, पण दिवे, सायरन, वायरलेस बाहेरून बसवलेलं असतं आणि गाडी निवृत्त करताना ते काढणारा माणूस घाईत असतो. माझ्या गाडीत ज्याने काम केलं त्याने डॅशबोर्डच्या खाली वायरींचा जुडगा सरळ कापून टेप गुंडाळून आत कोंबला होता, त्यातल्या एका वायरला कायम करंट. तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी डाऊन. आमचा मेकॅनिक, साठी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर सरकारी गाड्यांवर काम केलेला, त्याने फ्यूज एक एक काढून मीटर लावून तो शोधला, मी शेजारी टॉर्च धरून उभा, दुपार गेली पण काम असं केलं की परत बघावं लागलं नाही. छपराला आणि डिकीला अँटेनाची भोकं असतात, रबरी बुचं लावलेली, ती उन्हाने तडकतात आणि पाणी आत येतं, आल्या आल्या ती बदला.

सांगलीहून बाबा आले होते तेव्हा एअरपोर्टवरून याच गाडीने आणलं. आई पुढे बसली, बाबा मागे ऐसपैस. घरी आल्यावर मी डिकीतून बॅगा काढतोय आणि बाबा आतून काच वाजवतायत, "अरे दार उघड की, मला काय अटक केलीस का?" मागच्या दारांना आतून हँडल आहे पण ते कामच करत नाही, ऑर्डरच तशी असते, काचाही मागून खाली होत नाहीत. दार उघडल्यावर आतला दिवा लागत नाही हे पण तसंच, रात्री उतरणारा पोलीस उजेडात दिसू नये म्हणून. फ्लीटमधल्या सगळ्या गाड्यांना एकच चावी चालेल असाही ऑप्शन होता. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बसणार असतील तर मागच्या दारांची यंत्रणा साधी करून घ्या, काम किरकोळ आहे, मी बाबा असतानाच करून घेतलं, अपघातात आतून दार उघडायलाच पाहिजे यावर तडजोड नको.

कायद्याचं पण लक्षात ठेवा. गाडी घेणं, चालवणं कायदेशीर आहे, पण पोलीस खात्याची नावं-चिन्हं काढलेली हवीत, आणि लाल-निळे दिवे रस्त्यावर लावायचे नाहीत. राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, आपल्या राज्याचे वाचा. कार्यक्रमात दाखवायला लाइटबार ठेवणारे लोक येता-जाता त्यावर कव्हर घालतात, ती पद्धत चांगली. माझ्या छपरावर काही नाही, फक्त स्पॉटलाइट आहे. तरी हायवेला मागून गेलो की लोक आपोआप स्पीड कमी करतात, डावी लेन मोकळी होते, तीस वर्षांची गाडी आहे तरीही. त्याचा फायदा घेऊन कुणाच्या मागे चिकटून चालवू नका, समोरचा घाबरतो.

अजून एक, हे मात्र तळमळीने सांगतो. याच चेसिसवर, याच इंजिनवर जीएमने इम्पाला एसएस बनवली, १७ इंची अलॉय, गडद रंग, तीन वर्षांत जवळजवळ ७० हजार विकल्या, आज त्यांची किंमत ९सी१ पेक्षा खूपच जास्त. म्हणून लोक ९सी१ घेतात, एसएसची चाकं लावतात, ग्रिल बदलतात, सीट बदलतात, काळी रंगवतात आणि नकली एसएस करतात. कृपया करू नका. एसएस लोकांनी पहिल्या दिवसापासून जपल्या. ९सी१ पाच-सहा वर्षं राबवून, लिलावात फुंकून, मग टॅक्सी म्हणून पुन्हा पिळून, शेवटी भंगारात गेल्या. अस्सल, स्टीलच्या चाकांसकट, रबरी फ्लोअरसकट उरलेली गाडी सापडली तर तिला तशीच राहू द्या.

पार्टचं म्हणाल तर इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शनचं सगळं मिळतं, स्मॉल ब्लॉक शेवरलेच्या कुळातलं इंजिन आहे. मिळत नाहीत ते ट्रिमचे तुकडे, दारांचे पॅनल, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक, त्यासाठी भंगारवाल्यांकडे फिरावं लागतं. १९९५ च्या गाडीचा स्कॅनर पोर्ट १६ पिनांचा, नव्या गाड्यांसारखा दिसतो, पण आतला प्रोटोकॉल जुना, बाजारातला साधा ओबीडी-टू रीडर (बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) तिला चालत नाही. ते हवं असेल तर १९९६ ची बघा. टेक्सासमध्ये २५ वर्षांपुढच्या गाडीला क्लासिक प्लेट मिळते आणि ती रोज चालवता येते, अँटीक प्लेट घेतली तर फक्त कार्यक्रम, परेड वगैरे.

पुण्याच्या दोन मित्रांनी विचारलं की भारतात नेता येईल का. वापरलेली गाडी आणायची तर ती उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली लागते, त्यामुळे नाही. इकडे आलात तर मात्र जरूर या, चावी देतो, स्वतः चालवून बघा, फक्त मागच्या कंट्रोल आर्मचे बुश बदलायला आणलेत ते काम तेवढं झालं की, कारण सध्या ब्रेक मारल्यावर मागून एक बारीक ठक् असा आवाज येतोय आणि तो असताना मी कुणाला गाडी चालवायला देणार नाही.